ग्रेड उतरली, पण लिव्हरमधली चरबी उतरली का?

पत्र: ताई नमस्कार. मी एमडी मेडिसिन, नाशिकरोडला सहा वर्षं स्वतःचं क्लिनिक आहे. फॅटी लिव्हरचे पेशंट एवढे येतात की दीड वर्षापूर्वी ठरवलं, यांच्यावर काहीतरी नीट अभ्यास करू. आहार बदलायचा, रोज ४५ मिनिटं चालायचं, सहा महिने, आणि आधी एक नंतर एक सोनोग्राफी. आत्तापर्यंत ८४ जणांचे दोन्ही रिपोर्ट जमलेत, त्यातल्या ५१ जणांची ग्रेड कमी झाली. पेपर लिहायला घेतला आणि एका ओळखीच्या प्रोफेसर सरांना दाखवला तर ते म्हणाले, आधी इमेजिंगच्या एक्स्पर्टचा सल्ला घे मग बोलू. एका कन्सल्टन्सीने कोटेशन दिलंय ते माझ्या क्लिनिकच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढं आहे. दुसरीकडे माझा बॅचमेट रेडिओलॉजिस्ट म्हणतो पैसे कशाला घालवतोस, मी बघतो रात्री निवांत. मला मुळात हेच कळत नाहीये की एक्स्पर्ट करणार काय, रिपोर्ट तर रेडिओलॉजिस्टनीच दिलेत ना? फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले तर चालतात का? आणि पुढे सातपूरच्या एका कंपनीत पोर्टेबल मशीन नेऊन कॅम्प घ्यायचा, अभ्यास मोठा करायचा असं डोक्यात आहे. काय करू? — एक डॉक्टर, नाशिकरोड

उत्तर: डॉक्टर, ८४ माणसांना सहा महिने चालायला लावलंत याबद्दल आधी दंडवत, मला घरात एका माणसाला आठवडाभर लावता आलेलं नाही. आता बाकीचं ऐका आणि रागावू नका.

मी रेडिओलॉजिस्ट नाही हे आधीच सांगते. १७ वर्षं क्लिनिकल रिसर्चमध्ये कोऑर्डिनेटरचं काम केलंय, म्हणजे स्कॅन कोणी काढला, सीडी कुठे अडकली, कुठला फॉर्म कोरा राहिला हे बघणारी बाई. त्यामुळे इमेजिंगमुळे अभ्यास कुठे बुडतो ते फार जवळून बघितलंय, आणि तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून पोटात गोळा आला, "रिपोर्ट तर रेडिओलॉजिस्टनीच दिलेत ना". सगळी गडबड त्याच वाक्यात आहे.

रिपोर्ट वेगळा आणि मोजमाप वेगळं. रिपोर्ट हा तुम्हाला, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरला लिहिलेलं पत्र असतं. त्यात प्रश्न असतो की या माणसाच्या पोटात काय चाललंय, काळजीचं काही आहे का, आणि त्यासाठी ग्रेड १, ग्रेड २ एवढं पुरतं कारण तुम्ही दोन्हीत सांगणार तेच आहे, वजन कमी करा, गोड कमी करा. रिसर्चला मात्र असा आकडा लागतो जो मंगळवारी काढला काय नि शुक्रवारी काढला काय, या मशीनवर काढला काय नि त्या मशीनवर काढला काय, जवळजवळ तोच येईल. तुमच्याकडे ८४ गुणिले दोन म्हणजे १६८ पत्रं आहेत. मोजमाप अजून एकही नाही. कडू आहे पण असंच आहे.

सोनोग्राफीत फॅटी लिव्हरची ग्रेड कशी ठरते तुम्हाला माहितीये, तरी इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. लिव्हर शेजारच्या उजव्या किडनीपेक्षा किती पांढरं दिसतं ते डोळ्यांनी बघायचं. थोडं पांढरं पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा आणि डायफ्रामची रेघ स्वच्छ दिसतेय तर ग्रेड १, त्या धूसर झाल्या तर २, मागचं काही दिसेनासंच झालं तर ३. म्हणजे हा डोळ्याचा अंदाज आहे, आणि बऱ्यापैकी चांगला अंदाज आहे, पण चरबी साधारण २०-३० टक्क्यांच्या खाली असली की साध्या सोनोग्राफीच्या नजरेतून ती सटकू शकते. किडनीचाच आजार असेल तर किडनीसुद्धा पांढरी दिसते, मग तुलना करायची कोणाशी?

मागे कॉलेज रोडच्या एका सेंटरवर एका रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मला हे करून दाखवलं होतं, पेशंट उठायच्या आत, एका मिनिटाचं काम. एक बटण फिरवलं, आख्खं चित्र उजळलं. मग शेजारी त्या छोट्या सरकपट्ट्या असतात ना, वेगवेगळ्या खोलीसाठी, त्यातल्या वरच्या दोन जरा उजवीकडे सरकवल्या आणि लिव्हरचा वरचा भाग बघता बघता पांढरा झाला, खाली किडनी आहे तशीच. मॅडम हसून म्हणाल्या, घे, केलं याला ग्रेड २. तो पेशंट बिचारा घाबरून विचारतोय काय झालं काय झालं. चांगला रेडिओलॉजिस्ट हे सगळं सांभाळून, दोन्ही एकाच खोलीवर बघूनच ग्रेड देतो हे खरंच, पण तुमचे पेशंट चार सेंटरवर जात असणार, जे जवळ पडेल किंवा जिथे स्वस्त तिथे. पहिली सोनोग्राफी द्वारकेला, दुसरी बिटकोपाशी, मशीन वेगळं, बघणारा वेगळा.

आणि अजून एक, यात चूक कोणाचीच नाही पण नुकसान मोठं आहे. दुसऱ्या सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर तुम्ही स्वतः काय लिहिलं होतं आठवतंय? "नोन केस ऑफ फॅटी लिव्हर ग्रेड २, ऑन डाएट, फॉलोअप" असंच काहीतरी ना, आणि पेशंटने जुना रिपोर्टही पुढे केला असणार, वर सांगितलं असणार की सर मी चार किलो कमी केलं. आता बघणारा माणूसच आहे हो. काठावरचं लिव्हर असेल तर तो ग्रेड १ लिहिणारच, त्यालाही पेशंटचं कौतुक वाटतं. म्हणून रिसर्चमध्ये बघणाऱ्याला आधीचं कुठलं नि नंतरचं कुठलं हे कळू द्यायचं नसतं, नावं झाकून, क्रम पिसून द्यायचं असतं.

तर एक्स्पर्ट करतो काय, तर हे सगळं तुमच्या आधी बघतो. चित्र वाचणं हा त्याच्या कामाचा छोटा भाग. पहिल्या बैठकीत नीट एक्स्पर्ट असेल तर तो तुमच्या सीडींना हातही लावणार नाही, तो विचारेल की तुम्हाला सिद्ध काय करायचंय. चरबी कमी झाली हे? का लिव्हरचा कडकपणा कमी झाला हे? का फक्त पेशंटला बरं वाटलं हे? तिन्हीची साधनं वेगळी. मग विचारेल किती फरक तुम्हाला महत्त्वाचा वाटतो, आणि एवढा फरक हे साधन पकडू शकतं का. इथेच बहुतेक अभ्यासांचा निकाल लागतो, पहिल्या तासात.

तुमच्या प्रश्नासाठी तो बहुतेक तीन वाटा समोर ठेवेल. पहिली, सोनोग्राफीच ठेवायची पण एकच मशीन, एकच सेटिंग, लिव्हर-किडनी एकत्र दिसणारी ठरलेली फ्रेम सेव्ह करायची आणि दोन जणांनी एकमेकांना न विचारता वाचायची. स्वस्त, पण ग्रेड तीनच, म्हणजे बारीक फरक हरवणार. दुसरी, फायब्रोस्कॅन, म्हणजे बरगड्यांवरून लिव्हरची तपासणी करणारं मशीन, त्यावरचं कॅप, जे चरबीचा आकडा देतं, १०० ते ४०० डेसिबल प्रति मीटर या पट्ट्यात, पाच-दहा मिनिटांत होतं, पण पेशंट किमान तीन तास उपाशी हवा, दहा रीडिंग नीट आली पाहिजेत आणि जाड माणसाला एक्सएल प्रोब हवा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. तिसरी, एमआरआयवरचं पीडीएफएफ, म्हणजे लिव्हरमधल्या सिग्नलचा किती टक्के भाग चरबीचा आहे ते सरळ टक्क्यांत. आत्ताच्या औषधांच्या बऱ्याच ट्रायलमध्ये हे वापरतात, सुरुवातीच्या आकड्याच्या ३० टक्के तरी घट झाली तर तो अर्थपूर्ण प्रतिसाद धरतात. यात पुन्हा गोम आहे. एमआरआय सेंटरला फोन करून "फॅट मोजता का" विचारलं की काउंटरवरून हो म्हणतात. खरा प्रश्न हा की त्या मशीनवर टक्क्यांत चरबी मोजणारा सीक्वेन्स, म्हणजे स्कॅन काढायची तेवढ्यासाठीची सेटिंग, आहे का, जीईवाले त्याला आयडियल आयक्यू म्हणतात, फिलिप्सवाले एमडिक्सन क्वांट, सीमेन्सवाले लिव्हरलॅब, आणि हे प्रत्येक मशीनवर असतंच असं नाही. साधा दोन इकोंचा डिक्सन, म्हणजे याच सीक्वेन्सचा जुना साधा प्रकार, बहुतेक ठिकाणी असतो, तो बघून चरबी आहे एवढं कळतं, पण लिव्हरमध्ये लोह जास्त असेल तर तो फसतो. हे तुम्हाला सेंटरचा मॅनेजर सांगणार नाही, बॅचमेट कदाचित सांगेल, एक्स्पर्टने सांगायलाच पाहिजे.

सीटीचा विचार आला असेल तर सोडून द्या. नुसत्या चरबीसाठी पोटाचा सीटी म्हणजे साधारण ८ मिलीसिव्हर्ट रेडिएशन, आणि निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतं, म्हणजे तीन वर्षांचं एका झटक्यात आणि तेही दोनदा. जिथे दुसरी साधनं आहेत तिथे एथिक्स कमिटी हे का म्हणून मान्य करेल?

आता माझी स्वतःची फजिती सांगते म्हणजे उशिरा सल्ला घेतल्यावर काय होतं ते कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कॅन्सरच्या ट्रायलवर होते, नाव-गाव राहू दे. तिथे गाठ वाढली की घटली हे रेसिस्ट नावाच्या ठरलेल्या नियमांनी मोजायचं असतं, २००९ ची १.१ आवृत्ती. नियम अगदी काटेकोर आहेत, एकूण जास्तीत जास्त पाच गाठी निवडायच्या, एका अवयवातल्या दोनच, त्यांच्या लांबीची बेरीज आधीच्यापेक्षा ३० टक्के घटली तर प्रतिसाद, आणि सगळ्यात कमी होती तिथून २० टक्के नि शिवाय किमान ५ मिलिमीटर वाढली तर आजार पुढे गेला. आणि गाठ मोजण्यालायक धरायची तर सीटीचे काप ५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असताना ती किमान १० मिलिमीटर हवी, काप जाड असतील तर कापाच्या दुप्पट.

आमचे एक काका होते, बागलाणातले, स्वभावाने फार गोड माणूस, दर वेळी डब्यात काहीतरी घेऊन यायचे. त्यांच्या फुफ्फुसातली गाठ १४ मिलिमीटर. पहिला स्कॅन आमच्याकडे, नीट. दुसऱ्या वेळी पाऊस, गाडी मिळेना, म्हणून त्यांनी जवळच्या गावी काढून घेतला आणि फिल्म घेऊन आले, मीच फोनवर हो म्हटलं होतं, काढा काका काय फरक पडतो. काप १० मिलिमीटरचे. म्हणजे २० च्या खालची गाठ मोजण्यात धरताच येत नाही. सीडी नाही म्हणून आमच्या एका मुलाने ती फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवून मोबाइलने फोटो काढले आणि पाठवले. सेंट्रल रीडिंगवाल्यांनी, म्हणजे ट्रायलचे सगळे स्कॅन एका जागी वाचणाऱ्यांनी, दोन दिवसांत परत पाठवलं, मूल्यमापन शक्य नाही. काकांना पुन्हा बोलवा, पुन्हा स्कॅन, पुन्हा रेडिएशन, पुन्हा शेतातला एक दिवस बुडाला. ते काही बोलले नाहीत, उलट मलाच म्हणाले, बाई तुमची नोकरी तर जाणार नाही ना. मी त्या दिवशी वॉशरूममध्ये जाऊन रडले. टेक्निशियनला देण्यासाठी एका पानाचा कागद, काप किती जाड, काँट्रास्ट किती सेकंदांनी, सीडी कुठल्या फॉरमॅटमध्ये, एवढं केलं असतं तर हे झालं नसतं.

ते एक पान लिहून घेणं हाच सल्ल्याचा खरा माल आहे. मोठ्या ट्रायलमध्ये त्याचंच मोठं भावंड असतं, त्याला इमेजिंग चार्टर म्हणतात, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, एप्रिल २०१८ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्यात, स्कॅन कसा काढायचा, कोण वाचणार, दोघांचं पटलं नाही तर तिसरा कोण, सगळं पहिला पेशंट घ्यायच्या आधी लिहून ठेवायचं. तुमच्या अभ्यासाला एवढं जाडजूड नको, पण तीन-चार पानं तरी हवीतच.

म्हणून कोटेशन बघताना रकमेकडे नंतर बघा, आधी बघा की हातात काय पडणार. "एक्स्पर्ट कन्सल्टेशन अँड सपोर्ट" एवढंच लिहिलं असेल तर परत पाठवा. त्यात टेक्निशियनसाठीचं पान आहे का, वाचणाऱ्यासाठीचा फॉर्म आहे का, पाच-दहा जणांवर आधी चाचणी करून बघणार का (तोच माणूस, त्याच दिवशी, दोनदा मोजायचा, आकडा किती हलतो बघायला), आणि शेवटी पद्धतीचा भाग लिहायला मदत आहे का. कोण बसणार तेही विचारा, कारण "इमेजिंग एक्स्पर्ट" नावाचा एक माणूस नसतो. रेडिओलॉजिस्टला लिव्हर कळतं, मेडिकल फिजिसिस्टला मशीन कळतं, तिसरा एक जण सॉफ्टवेअरमध्ये आकडे काढतो, आणि स्टॅटिस्टिक्सवाला सांगतो की हे आकडे पुरेत का. तुम्हाला चौघांचा एकेक तास हवाय, एकाचे चाळीस तास नकोत. आणि हो, सॉफ्टवेअरच्या लायसन्सपोटी मोठी रक्कम लावली असेल तर का ते विचारा, थ्रीडी स्लायसर, आयटीके स्नॅप, इमेजजे ही रिसर्चसाठी फुकट आहेत.

कन्सल्टन्सीकडेच जायला हवं असंही नाही. परदेशातल्या बऱ्याच विद्यापीठांत यासाठी वेगळा विभागच असतो, इमेजिंग कोअर म्हणतात, कोणीही संशोधक जाऊन तासभर बसू शकतो. आपल्याकडे तसं सरसकट नाही, पण आपल्याच गावात म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहे, १९९८ पासून, नि मेडिकल कॉलेजांत रेडिओलॉजीचे विभाग आहेत जिथे दर वर्षी पीजीच्या मुलांचे थिसिस असल्याच प्रश्नांवर होतात. तुमच्या त्या प्रोफेसर सरांनाच विचारा की पोटाचं इमेजिंग बघणाऱ्या कोणाशी ओळख करून द्या, आणि पीजीच्या एखाद्या विद्यार्थ्याला सोबत घेता आलं तर त्याचा थिसिस होतो नि तुमचं काम होतं. जाताना सीडींची पिशवी नेऊ नका, एक पान न्या. प्रश्न काय, कोणते पेशंट, किती दिवस, किती पैसे, नाशिकमध्ये कुठली मशीन हाताशी.

आता बॅचमेट. मनाने चांगला आहे, नाहीतर फुकट कोण बघतं. पण "रात्री निवांत" म्हणजे दिवसभर चाळीस-पन्नास पोटं बघून झाल्यावर, आणि तीन महिन्यांनी तुम्ही आठवण करायची का नाही या संकोचात असणार, तो टाळतोय का या शंकेत असणार, मैत्रीचं लोणचं होतं असल्या कामात. शिवाय तो तुमच्या बाजूचा आहे, निकाल चांगला यावा असं त्यालाही वाटणार. त्याला घ्या, पण वाचणाऱ्या दोघांपैकी एक म्हणून, लेखी, किती केसेस, कधीपर्यंत, मोबदला काय. नाव लेखक म्हणून येणार की आभारात तेही आत्ताच ठरवा. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिच्या चार अटी आहेत, कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम प्रतीला मान्यता आणि पूर्ण कामाची जबाबदारी. चारही पाळल्या तर लेखक, नाहीतर आभार. पैसे घेतले म्हणून लेखकपण जात नाही आणि फुकट केलं म्हणून मिळतही नाही.

व्हॉट्सअॅप, तर नको, नको, नको. फोटो दाबला जातो, मोजपट्टी निघून जाते, आणि सोनोग्राफीच्या चित्रावर पेशंटचं नाव वरच छापलेलं असतं. मूळ डायकॉम फाइलच मागा, म्हणजे मशीनमधून निघते ती अस्सल फाइल. त्यातही चित्राच्या मागे नाव, जन्मतारीख, आयडी, हॉस्पिटल सगळं लपलेलं असतं, ते काढायची साधनं फुकट मिळतात, पण चित्रावर उमटलेलं नाव त्याने आपोआप जाईलच असं नाही, तो भाग वेगळा झाकावा लागतो. तुम्ही पाठवलेली फाइल कोण, किती दिवस, कुठे ठेवणार हे कराराच्या कागदावर हवं. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला आलाय, पण कायदा नसता तरी कोणाच्या लिव्हरची हालत कोणाच्या मोबाइलच्या गॅलरीत का असावी?

सातपूरच्या कॅम्पबद्दल मला खरंच बरं झालं तुम्ही आधी विचारलंत. सोनोग्राफीचं मशीन पीसीपीएनडीटी कायद्याखाली, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली, ज्या जागेसाठी नोंदवलेलं असतं तिथेच वापरायचं असतं. पोर्टेबल आहे म्हणून डिकीत घालून कंपनीच्या कँटीनमध्ये नेता येत नाही, समोर सगळे पुरुष कामगार असले नि तुम्हाला फक्त लिव्हर बघायचं असलं तरीही. मशीन सील होईल, बॅचमेटचं असेल तर मैत्रीही सील. कामगारांना सेंटरवर आणा, किंवा फायब्रोस्कॅनचा विचार करायचा असेल तर त्याच्या परवानगीचं आधी लेखी विचारून घ्या. आणि कंपनीत अभ्यास म्हणजे आकडे एचआरला दिसणार नाहीत हे कामगाराला लिहून द्यावं लागेल, नाहीतर तो हो म्हणतोय ते साहेबांकडे बघून.

पत्रात एथिक्स कमिटीचा उल्लेख नाहीये, मी असं धरते की लिहायचा राहिला. खरंच घेतली नसेल तर मागच्या तारखेची परवानगी कोणी देत नाही. सीटीआरआयवरही, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंदणी करावी लागते. अशा वेळी जुन्या ८४ चा एवढाच मार्ग राहतो की नेहमीच्या उपचाराचा भाग म्हणून जे झालं त्याच्या नोंदींचा आढावा, त्यासाठी कमिटीकडे रीतसर अर्ज, आणि पेपरमध्ये स्पष्ट लिहायचं की सोनोग्राफी वेगवेगळ्या ठिकाणी झाल्या, वाचणाऱ्याला सगळं माहीत होतं. "आहार आणि चालण्याने चरबी कमी झाली" हे वाक्य त्यातून निघणार नाही. शिवाय एक आकडा तुम्ही दिलाच नाहीत, सुरुवात किती जणांनी केली होती? १५० असतील आणि ८४ च परत आले, तर परत येणारे बहुतेक तेच ज्यांनी खरंच चाललं. वजनाच्या नोंदी आहेत ना पण? त्या सोनं आहेत. वजन ५ टक्के उतरलं की लिव्हरची चरबी हलते हे आधीपासून माहीत आहे, त्यामुळे वजनाचा नि ग्रेडचा मेळ बसतो का हे बघण्यासारखं आहे.

नवीन अभ्यास मात्र नीट करा, तुलनेचा गट ठेवून, आणि स्कॅनचे पैसे पेशंटच्या खिशातून नकोत, नेहमीच्या उपचाराबाहेरचा जो रिसर्चचा खर्च तो सहभागी माणसावर टाकायचा नाही असं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. एमआरआय निवडला तर अजून एक गोष्ट एक्स्पर्टला विचारून ठेवा, लिव्हर बघता बघता किडनीत गाठ दिसली तर कोण सांगणार, किती दिवसांत, पुढची तपासणी कुठे. हे ठरलेलं नसलं की तो रिपोर्ट फायलीत झोपतो, मी बघितलंय.

आणि सुरुवात कधी करायची तेही बघा. तुमचे निम्मे पेशंट निफाड-दिंडोरीकडचे असणार. सप्टेंबरात घेतले तर सहा महिन्यांनी मार्च, द्राक्षाची काढणी, व्यापारी दारात उभा, कोण येतंय सोनोग्राफीला. एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, तेव्हाही तेच. जूनमध्ये घेतले तर दुसरा स्कॅन डिसेंबरात पडतो, काढणीचा जोर सुरू व्हायच्या आधी, पण मध्ये दिवाळी येते, तर दोन्ही गटांची दिवाळी सारखीच मोजली जाईल असं बघा. हे मात्र मुंबई-पुण्याचा कुठलाही कन्सल्टंट सांगणार नाही, हे तुम्हीच त्याला सांगायचं.

पैसे लगेच भरू नका. आधी बॅचमेटला फोन करा आणि म्हणा, ८४ नको, २० च दे बघून. सेंटरकडून सेव्ह असलेल्या लिव्हर-किडनीच्या फ्रेम मागवा, नावं झाकून, आधीच्या-नंतरच्या मिसळून द्या, आणि दोन आठवड्यांनी त्याच २०, क्रम बदलून, त्याला न सांगता पुन्हा द्या. दोन्ही वेळच्या ग्रेड समोरासमोर मांडा आणि कप्पा (kappa), म्हणजे दोन वाचनं किती जुळतात त्याचा स्टॅटिस्टिक्समधला आकडा, काढा, १ आला तर पूर्ण जुळलं, शून्याच्या जवळ आला तर नाणं उडवल्यासारखं. तो स्वतःशीच किती जुळतो ते आधी कळू दे, मग कोटेशन उघडा. आणि त्याला नंतर खरं सांगून टाका, मिसळ तुमच्याकडून.